शेजारचा प्लॉट

मलकपेठ, हैदराबाद
२१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा भेटीत.

तुझा तिळगूळ पोचला. डब्याचं झाकण वाटेत उघडलं होतं, पण सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात जन्म गेल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. तुझ्या भावजयीने, त्रिवेणीने, पिशवीतले तीळ वेचून घेतले आणि चटणीत घातले.

हे पत्र का, फोन का नाही, असं तू म्हणशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी मी ओरडायचं, मग ऐकू येत नाही म्हणून तू स्पीकर लावणार आणि मग शेजारच्या मालनबाई मला उत्तरं देणार. शिवाय गुंतवणुकीच्या गोष्टी फोनजवळ बोलू नयेत या मताला मी आलो आहे. मागच्या महिन्यात घरात त्रिवेणीशी गुडघ्यांबद्दल नुसतं बोललो, तर संध्याकाळपासून माझ्या फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. तेव्हा टपालच बरं.

होय, गुंतवणूक. निवृत्तीनंतर तुझा भाऊ गुंतवणुकीचा अभ्यास करतो आहे. चिरंजीव संदेशने माझ्या फोनवर शेअर बाजाराचं ॲप घालून दिलं होतं. ते महिनाभर बघितलं. सकाळी वर, दुपारी खाली. त्रिवेणी म्हणाली, हे तर बीपीच्या मशीनवर घरच्या घरी दिसतं. मग मी जमिनीकडे वळलो.

इथे हैदराबादच्या चारी बाजूंना शेतं घेऊन प्लॉट पाडतात, त्याला ‘व्हेंचर’ म्हणतात. गेल्या वर्षी नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, एका कंपनीच्या स्टॉलवर मी नाव आणि नंबर लिहून दिला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांची एसी बस आमच्या कोपऱ्यावर येते. शादनगर झालं, सदाशिवपेठ झालं, यादगिरीगुट्ट्याच्या अलीकडचं एक गाव झालं. बसमध्ये उपमा मिळतो, साइटवर तंबू आणि पंखे असतात. कंपनीचे हर्षवर्धन गारू (गारू म्हणजे आपलं ‘राव’) मी उतरलो की स्वतः खुर्ची आणून देतात आणि “कूर्चोंडी सर” म्हणजे बसा सर, असं म्हणतात. दुपारी जेवण. माझ्यासारख्या शाकाहारी लोकांना बगारा खाना म्हणजे फोडणीचा भात, बघारे बैंगन म्हणजे मसाल्याची वांगी आणि वर डबल का मीठा, म्हणजे पावाचं गोड.

मी साइटवर पोचलो की आधी चिमूटभर माती उचलून हुंगतो. आबांची सवय. ते बघून आजूबाजूचे लोक गप्प होतात. मग मी मान डोलावतो किंवा नुसतं ‘हं’ म्हणतो. मनात काय आहे ते कळू देत नाही. व्यवहारात ते पथ्य पाळावं लागतं.

शादनगरच्या बाजूचा एक प्लॉट फार आवडला आहे. पूर्वेला तळं, मागे टेकडी. तिथला डबल का मीठाही विशेष होता.

तुझा,
उमाजी


उदगीर
३० जानेवारी २०२५

चि. उमाजी,

अनेक आशीर्वाद. कंबरेला शेक घे आणि बसच्या मागच्या सीटवर बसू नकोस.

पत्र वाचून आनंद झाला. आबांनंतर आपल्या घरात जमीन घेणारा तू पहिलाच. मी मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण स्वतःच्या नावावर कुंडीतल्या मातीशिवाय माती नाही.

आता मुद्द्याचं. माझी बँकेतली ठेव या महिन्यात संपते आहे. बँकेतला नवा साहेब मला विम्याची एक योजना घ्या म्हणून मागे लागला आहे. ती योजना फळाला येईल तेव्हा मी नव्वदीत असेन. मी त्याला विचारलं, तू तेव्हा याच शाखेत असशील का? तो हसला. ज्याला स्वतःची खात्री नाही त्याने माझी घेऊ नये. ठेव पुन्हा ठेवू नका, माझा भाऊ सांगेल तिथे पैसे जातील, असं सांगून आले आहे.

तू शादनगरचा प्लॉट घेतो आहेस, तर त्याच्या शेजारचा माझ्यासाठी धर. दोन लहान घरं बांधू. मध्ये भिंत नको, जाईचा मांडव घालू. स्वयंपाक आपापला, चहा एकत्र. भांडण झालं तर ज्याने त्याने आपापल्या अंगणात तोंड फिरवून बसावं. माझ्या लग्नानंतर आपण दोघं एका गावात कधी राहिलोच नाही. तुझे भाऊजी गेले, मूलबाळ नाही. मालनबाई सोबतीला आहेत, पण हल्ली त्या फोनच्या सोबतीला असतात. खरं सांगते उमाजी, एकटीने राहायचा आता कंटाळा आला आहे.

तळं नक्की पूर्वेलाच आहे ना? माती हुंगलीस, तशी दिशाही एकदा बघून घे. लवकर कळव, म्हणजे मी यायचं ठरवते.

तुझी,
अक्का


मलकपेठ
६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. या वेळी पूर्ण.

तुझं पत्र मिळालं. तू बँकेत इतक्या घाईने सांगून यायला नको होतंस. त्या साहेबाला पुन्हा जाऊन भेट आणि ठेव आहे तशी राहू दे म्हण. मी इतका अभ्यास केला त्याचं सार असं की बँकेतल्या ठेवीइतकं चांगलं जगात काही नाही.

शादनगरच्या प्लॉटचं म्हणशील तर मी पुन्हा बारकाईने विचार केला. तळं पूर्वेला आहे, पण तळ्यात डास आहेत. विमानतळ त्याच बाजूला असल्यामुळे डोक्यावरून विमानं जातात. तुला ऐकू कमी येतं हे खरं, पण म्हणून काय झालं. टेकडीवर वाघ दिसल्याचं लोक सांगतात, निदान कुत्री तरी आहेतच. तिथे जाई येणार नाही. रुग्णालय लांब, दूध लांब, देऊळ लांब. वास्तूच्या दृष्टीनेही काहीतरी आहे, ते मला नीट सांगता येत नाही.

तेव्हा तू सध्या येण्याची तसदी घेऊ नकोस. इथे ऊन तापायला लागलं आहे आणि पुढच्या खोलीत संदेश दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा घेत बसतो. सून प्रियदर्शिनीच्या मीटिंगा आतल्या खोलीत असतात. मला आणि त्रिवेणीला घरात खुणेने बोलावं लागतं.

सोन्याचा विचार कर. किंवा कसलाच करू नकोस.

तुझा,
उमाजी


उदगीर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. उमाजी यांस,

आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधीच्या पत्रात जो प्लॉट फार आवडला होता, तिथे माझं नाव निघाल्याबरोबर डास, विमानं आणि वाघ आले. आठवीतल्या मुली गृहपाठ न केल्याची कारणं याहून चांगली द्यायच्या.

मी शेजारी नको असेन तर तसं लिही. त्रिवेणीला नको असेन तर तेही लिही, मला राग येणार नाही. नणंद शेजारी राहायला आली तर कुठलीही बाई घाबरेल, मीही घाबरले असते. पण विमानांचा आवाज मला सोसणार नाही, असं बहिऱ्या बाईला लिहू नये.

दुसरी गोष्ट. काल मालनबाई धावत आल्या आणि त्यांनी फोन माझ्या नाकाला लावला. त्यात तू होतास. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर कंपनीची टोपी, मागे मोठी कमान. तू माती हुंगलीस, मान डोलावलीस आणि म्हणालास, “माती फस्ट क्लास.” मग ढोल वाजले आणि खाली अक्षरं आली, ‘आमचे समाधानी ग्राहक, शेतीतज्ज्ञ उमाजी गारू’. मालनबाईंनी ते मला लागोपाठ इतक्या वेळा दाखवलं की तुझा हार सुकेल असं वाटलं. तू शेतीतज्ज्ञ कधी झालास? आबा तुला पेरणीच्या दिवशी घरी ठेवायचे, कारण तू बी खायचास.

ही फिल्म भालकीपर्यंत पोचली आहे. आपल्या चुलतभावाने, शिवराजने, फोन करून विचारलं की उमाजीदादाने घेतलाय त्याच व्हेंचरमध्ये मलाही मिळेल का. त्याने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे काढायचं ठरवलं आहे. मी त्याला म्हटलं, दादालाच विचार. दादा सध्या बहिणीला टाळतोय, तुला टाळणार नाही.

ठेव मी काढून बचत खात्यात टाकली आहे. ती आता कुणाच्या शेजारी ठेवायची ते बघते.

सुशीला


मलकपेठ
२४ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तू खाली ‘अक्का’ न लिहिता ‘सुशीला’ लिहिलंस, तेव्हाच हातातला चहा खाली ठेवला. आता जे आहे ते सगळं लिहितो. मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस.

माझ्याकडे प्लॉट नाही. शादनगरला नाही, सदाशिवपेठला नाही, कुठेच नाही. घ्यायचा विचारही नव्हता. मी रविवारी त्या बसने फिरायला जातो.

हसू नकोस. चाळीस-एक वर्षं मी दुसऱ्यांचं सामान देशभर पाठवलं. आंब्याच्या पेट्या दिल्लीला, मोटारसायकली गुवाहाटीला. मी कुठे गेलो नाही. निवृत्त झालो की फिरू म्हणत होतो. निवृत्त झालो तर संदेश म्हणाला, बाबा, एकटे कुठे जाऊ नका, आणि सोबत यायला कुणाला वेळ नाही. रविवारी घरात मी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसायचो. बसमध्ये गेलो तर लोक उपमा देतात, सर म्हणतात, पाणी हवं का विचारतात. कुणी विचारलं की घेणार का, तर ‘बघतो’ म्हणायचं. बघतच तर होतो.

तुझं दोन घरांचं पत्र आलं तेव्हा माझी बोबडी वळली. बहिणीने इतक्या विश्वासाने लिहावं आणि आपण तिकडे बघारे बैंगन खात असावं. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून वाघ लिहिला. त्रिवेणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्यावर राग धरू नकोस.

तुझं दुसरं पत्र आणि शिवराजचा फोन एकाच दिवशी आले. मी तेव्हाच त्याला सांगितलं की पैसे काढू नकोस. त्याला वाटलं मी सगळे चांगले प्लॉट स्वतःसाठी ठेवतोय. मग मी त्रिवेणीला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला, दहीभात बांधून घेतला आणि म्हणाली, चला, दाखवा मला तुमची इस्टेट. बुधवारी आम्ही साध्या बसने शादनगरच्या पुढे गेलो. वाटेत ती एकदाही बोलली नाही, म्हणून प्रवास फार लांबला.

अक्का, तिथे कमान नव्हती. व्हिडिओत माझ्या मागे दिसते ती, दोन बाजूंना हत्ती असलेली. रस्ता नव्हता, झेंडे नव्हते, तंबू नव्हता. चुन्याने रंगवलेले दगड आणि शेळ्या. फाट्यावर चहा घेतला तेव्हा हॉटेलवाल्याने सांगितलं की कमान फायबरची आहे, ती रविवारी सकाळी ट्रकातून येते आणि संध्याकाळी जाते. मी फोन काढून माझे जुने फोटो बघितले. सगळ्या व्हेंचरना तीच कमान. डाव्या हत्तीची सोंड सगळीकडे त्याच जागी मोडलेली. त्या हत्तीखाली मी आळीपाळीने सगळ्या गावांत उभा आहे आणि हसतो आहे. त्रिवेणी फोटो बघत बघत इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मी हर्षवर्धन गारूंना फोन केला की माझा व्हिडिओ काढून टाका. मी त्या दिवशी म्हणालो होतो, “माती फस्ट क्लास, पण इथं प्लॉट कायकू पाडता, ज्वारी पेरा.” त्यांनी अर्धंच ठेवलं. ते म्हणाले, “अंकल, व्ह्यूज अच्छे आ रहे, कायकू निकालना? टेन्शन नक्को लेव.”

म्हणून काल रविवारी मी पुन्हा बसमध्ये बसलो. त्यांना वाटलं मी खूष आहे, आणि मला पुढची सीट दिली. बस शहराबाहेर पडली तशी मी उठून गाणी म्हणायचा माइक घेतला. आधी मराठीत सुरुवात केली, कुणी बघेना. मग म्हटलं, “भाई लोगां, मैं वो व्हिडिओवाला अंकल हूँ. मैंने कुछ नहीं लिया. मैं खाना खाने को आता. गेट ट्रकमें आता. कागज वकील को दिखाए बिना पैसे नक्को देव.” बसमध्ये एकदम गडबड झाली. दोन कुटुंबांनी बुकिंगसाठी दिलेले कागद तिथल्या तिथे परत मागितले. एका बाईने मला विचारलं, मग आज जेवण मिळणार की नाही?

मला मिळालं नाही. त्यांनी पुढच्या फाट्यावर बस थांबवून मला उतरवलं. शेअर रिक्षा, मग गावची बस, असं करत दुपारी घरी आलो. हे सगळं बसमधल्या कुणीतरी फोनवर घेतलं होतं, तेही आता फिरतंय. संदेशने ते शिवराजला पाठवलं. ते बघून त्याचा विश्वास बसला. त्याने मुलीचे पैसे काढले नाहीत.

आता मला कोणतीही कंपनी बसमध्ये घेणार नाही. ते जाऊ दे. तू पैसे बँकेत परत ठेव. आणि नाव पुन्हा नीट लिही.

तुझा,
उमाजी


उदगीर
४ मार्च २०२५

चि. उमाजी,

अनेक आशीर्वाद.

तुझं माइकवरचं भाषण मालनबाईंनी दाखवलं. हिंदी भयंकर होती, पण पाठ ताठ होती. आबा असते तर त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना ते दाखवलं असतं.

आता माझंही ऐक. तू प्लॉट घेतलेला नाहीस हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. जमीन घेणारा माणूस भाव लिहितो, सात-बाराचं लिहितो, वकिलाला शिव्या देतो. तू सगळं पत्रभर जेवण लिहिलंस. म्हटलं, याची जरा गंमत करू. शेजारचा प्लॉट माग, मग बघू कसा पळतो. म्हणून ते पत्र लिहायला घेतलं. बँकेत सांगून आले असं लिहिलं तेव्हा मी बँकेत गेलेच नव्हते.

पण उमाजी, जाईचा मांडव लिहिला आणि मला तो दिसायला लागला. पत्र पेटीत टाकून घरी आले, तर तुझं दार कुठे, माझं दार कुठे, याचा विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी खरोखरच बँकेत गेले. साहेबाला सांगताना माझा मलाच आवाज वेगळा वाटला. प्लॉट नाही हे मला माहीत होतं आणि तरी मी गेले. या वयात स्वतःच्या थापेला स्वतःच फसणारी बाई उदगिरात दुसरी नसेल.

मग तुझं वाघाचं पत्र आलं. तू घाबरून लिहितो आहेस हे मला समजत होतं. तरी ‘येण्याची तसदी घेऊ नकोस’ हे वाक्य वाचलं आणि मी जेवले नाही. चेष्टा मीच सुरू केली होती, त्यामुळे कुणाकडे तक्रारही करता येईना.

आता ते संपलं. ठेव परत बँकेत ठेवली. विमावाल्या साहेबाची लातूरला बदली झाली, हे माझ्या मनातल्या शंकेप्रमाणेच झालं. माझी तब्येत चांगली आहे. तू वाईट वाटून मला बोलावशील, तर मी येणार नाही. भावाच्या घरी बहिणीने कीव म्हणून जाऊ नये, आणि त्या घरातल्या बाईचं मन असल्याशिवाय तर मुळीच जाऊ नये. पुढची खोली संदेशला लागते हे माझ्या लक्षात आहे.

हे पत्र फाडून टाक.

तुझी,
अक्का


मलकपेठ
११ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. पत्र फाडलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी तुला न्यायला येतो आहे. सकाळच्या गाडीने निघून दुपारी उदगिरात पोचतो, रात्री तुझ्याकडे राहतो आणि शुक्रवारी आपण दोघं निघू. कुणाच्याही सोबतीशिवाय मी जातोय, तरी संदेशने या वेळी अडवलं नाही. त्याने गेल्या रविवारी आपलं टेबल आतल्या खोलीत नेलं. आता नवरा-बायको एकाच खोलीत मीटिंगा घेतात. त्या एकमेकांच्या मीटिंगांत ऐकू जातात, आणि दोघांच्या साहेबांनी तक्रार केली आहे. तो म्हणतो, चालेल, आत्या येऊ दे.

मी फार लिहीत नाही. त्रिवेणी पत्र ओढते आहे, तिला खाली लिहायचं आहे.

तुझा,
उमाजी

ता. क.

अक्का, त्रिवेणीचा नमस्कार.

यांनी तुमची सगळी पत्रं मला वाचून दाखवली. मी घाबरले असेन असं तुम्ही लिहिलंत, तेही. उत्तर यांच्यावर सोपवलं तर हे त्यात वाघ घालतील, म्हणून मीच लिहिते. तुम्ही मला शेजारी नकोच आहात. शेजारी म्हटलं की चपला घालून जावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात. पुढच्या खोलीत पलंग टाकला आहे. उशी उंच लागते की पातळ, तेवढं येताना सांगा.

हे स्टेशनवर जाऊन तुमचं येण्याचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं काढणार होते. परतीचं मी काढू दिलं नाही.